बोर्ड ठरेपर्यंत

ऑफिसात त्याला सगळे तोळेमास्तर म्हणत. वजनंमापं तपासणाऱ्या खात्यात त्याची सत्तावीस वर्षं झाली होती. मखमलीच्या खाचांत बसवलेल्या पितळी वजनांची पेटी घेऊन दुकानोदुकानी जायचं, काटे तपासायचे, बरोबर असला तर शिक्का मारायचा, नसला तर काटा बंद करायचा, हे त्याचं काम. वजन कधी बोटांनी उचलायचं नाही, चिमट्यानेच उचलायचं, कारण हाताचा घामसुद्धा वजनात भर घालतो, असं तो प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावायचा. नवी माणसं मान डोलवायची आणि त्याची पाठ वळली की हसायची. ते त्याला ठाऊक होतं.

घरीही तो तसाच होता. कपाटातल्या घड्या एका रुंदीच्या, भांडी उंचीनुसार. बायको एकदा म्हणाली होती, "तुझ्यासोबत राहायचं म्हणजे रोज सकाळी उठून तराजूत बसायचं." तेव्हा त्याला तो विनोद वाटला. पुढे नऊ वर्षांपूर्वी ती मुलीला घेऊन दुसऱ्या शहरात गेली तेव्हा कळलं की तो विनोद नव्हता. भांडण झालं नाही, आरडाओरडा झाला नाही. तीन वर्षांनी तिने दुसरं लग्न केलं. माणूस भला होता. त्याला नावं ठेवायला काही जागा नव्हती, आणि तोळेमास्तरांची तीच तर अडचण होती.

मुलीचं लाडाचं नाव खारू. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून पडलेलं. आता ती एकोणीस वर्षांची होती आणि पडद्यावर चित्रं हलवायचं शिक्षण घेत होती. वाढदिवसाला फोन, निकालाला फोन. "कसा आहेस बाबा?" "बरा. तू?" "बरी." मग दोघंही थोडा वेळ एकमेकांचं गप्प राहणं ऐकायची आणि दोघांपैकी कुणीतरी "चल मग" म्हणायचं.

त्यामुळे एका रविवारी सकाळी, वाढदिवस नाही की निकाल नाही अशा दिवशी तिचा फोन आला तेव्हा त्याने तो पहिल्याच रिंगला उचलला. हातातली इस्त्री तशीच उभी ठेवून त्याने विचारलं, "काय झालं?"

"काही नाही झालं. बाबा, तू मला कॉम्प्युटर बांधून देशील?"

"बांधून?"

"म्हणजे सुटे भाग आणून. तयार मिळतात ते आमच्या कामाला पुरत नाहीत. मी सहा वर्षांची असताना तू घरी बांधला होतास ना, जेवायच्या टेबलावर? मला वाटीत स्क्रू सांभाळायला दिले होतेस."

"त्यातला एक तू हरवलास."

"हरवला नाही. गिळला होता. भीतीने कुणाला सांगितलं नाही."

तो हसला. इतक्या मोठ्याने हसला की स्वतःच दचकला. त्या घरात असा आवाज बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

"देतो," तो म्हणाला. "नक्की देतो."

"पुढल्याच्या पुढल्या महिन्यात वीस तारखेला मला फिल्म जमा करायची आहे. म्हणजे अजून दोन महिने आहेत. तोवर होईल ना?"

"दोन महिने म्हणजे डोक्यावरून पाणी," तो म्हणाला आणि भिंतीवरच्या कॅलेंडराची दोन पानं उलटून वीस तारखेभोवती गोल केला.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर तो सुट्या भागांच्या दुकानात गेला. एका जुन्या इमारतीच्या तळघरात, छतापर्यंत खोक्यांच्या थप्प्या, मधून एका वेळी एकच माणूस जाईल एवढी वाट. गल्ल्यावर पंचेचाळिशीच्या एक बाई होत्या, चष्मा डोक्यावर चढवलेला, बोलणं तोडून टाकल्यासारखं.

तोळेमास्तरांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली एक जुनी मेमरीची पट्टी काढली. "ही घरी पडून होती. चालेल का?"

बाईंनी पट्टी उजेडात धरली, कपाटातून एक नवी काढली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. "ही बघा खालची खाच. तुमच्या पट्टीची इथे, नवीची इथे. पिढी बदलली की खाच सरकते. मुद्दामच करतात, म्हणजे कुणी जबरदस्तीने कोंबू नये. तुमची आता शोकेसमध्ये ठेवा."

त्याने ती पुन्हा रुमालात गुंडाळली.

"आधी बोर्ड ठरवा," बाई म्हणाल्या. "मदरबोर्ड म्हणजे घराचं जोतं. प्रोसेसर कुठला बसणार, मेमरी कुठल्या पिढीची चालणार, पुढे किती वाढवता येणार, सगळं तो ठरवतो. मेमरी चुकली तर पट्टी बदलता येते. बोर्ड चुकला तर सगळा संसार उचकटावा लागतो. काम काय आहे मशीनचं?"

"मुलगी चित्रं हलवते."

"तिला विचारा, एका वेळी किती मेमरी खाल्ली जाते. मग या."

म्हणून त्याने फोन केला. आणि त्याची अपेक्षा होती दोन मिनिटांची. खारू चाळीस मिनिटं बोलली. तिच्या फिल्ममध्ये एक उंट होता. हा उंट एका उंच इमारतीच्या लिफ्टमध्ये अडकतो, मान वाकवून उभा राहतो आणि मजल्यामजल्यावरची माणसं त्याच्याकडे न बघितल्यासारखं करून आत शिरतात.

"का बघत नाहीत?"

"कारण सगळ्यांना घाई असते. आणि उंटाकडे बघितलं तर त्याला 'कुठल्या मजल्यावर जायचंय' म्हणून विचारावं लागेल ना! बाबा, त्याच्या अंगावर अडीच लाख केस आहेत. प्रत्येक केस वेगळा हलतो. कॉलेजच्या मशीनवर शेपटीपर्यंत पोचलं की मेमरी संपते आणि सगळं बंद पडतं."

"अडीच लाख," तो म्हणाला. "मोजलेस?"

"तू मोजले असतेस," ती म्हणाली आणि दोघं हसली.

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ हॉलमध्ये येरझाऱ्या घालत राहिला. जेवताना त्याने टीव्ही लावला नाही. त्या उंटाने कुठल्या मजल्यावर उतरावं, याचा विचार करत जेवला.

दुसऱ्या खेपेला बोर्ड ठरला. खरं तर तिथेच सगळं संपलं होतं. बाईंनी दोन बोर्ड समोर ठेवले: एक लहान, मेमरीला दोन खाचा, दुसरा मोठा, चार खाचांचा. "चारही भरायच्या मागे लागू नका," बाईंनी सांगितलं. "चार पट्ट्या बसवल्या की वेग उतरतो. बत्तीस जीबीच्या दोन मोठ्या पट्ट्या घ्या, एकाच पाकिटातली जोडी. दोन खाचा रिकाम्या राहू द्या. उद्या खरंच गरज पडली तर बघता येईल." बोलणं सोळा आणे खरं होतं. त्याने मान हलवली, मोठ्या बोर्डाचं खोकं हातात घेतलं, वजनाचा अंदाज घेतला आणि परत ठेवलं.

"मुलीला विचारून सांगतो," तो म्हणाला.

विचारण्यासारखं काहीच नव्हतं. पण त्या संध्याकाळी तो घरी गेला, एक वही काढली आणि प्रश्नांची यादी केली. मागे किती तारा जोडणार? वायफाय बोर्डातच हवं का? आवाजाचं काम करणार का? मशीन टेबलावर ठेवणार की खाली? खोलीत धूळ किती येते? एकूण एकवीस प्रश्न निघाले. एका फोनला एक प्रश्न. दोन विचारले तर तेवढे लवकर संपतील.

मग रविवार, बुधवार, कधी शुक्रवारही. प्रश्न दोन मिनिटांत सुटायचा आणि त्याच्या पाठीमागून इतर गोष्टी आपोआप यायच्या. टेबलाची लांबी विचारली तर कळलं की तिची खोली मागच्या बाजूला आहे आणि खिडकीतून एका दंतवैद्याची खुर्ची दिसते. तारांचं विचारलं तर कळलं की मैत्रिणीशी तिचं बोलणं बंद आहे. धुळीवरून कळलं की तिला थंडीत शिंका येतात, त्याच्यासारख्याच, एकामागोमाग सात. त्याने हे सगळं वहीत प्रश्नासमोर लिहून ठेवलं. शिंका: सात. तो ऑफिसात हलकंसं गुणगुणायला लागला तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने विचारलंसुद्धा, "मास्तर, आज काटा कुणीकडे झुकलाय?"

मधे दोनदा खारूने विचारलं, "बाबा, बोर्ड ठरला का रे?"

"होत आलंय. एक शंका आहे फक्त."

"लवकर कर हं."

ते 'हं' त्याने ऐकलं. नाही ऐकलं असं म्हणता येणार नाही. पण अजून नऊ प्रश्न उरले होते.

दुकानात तो आठवड्यातून एकदा जायचाच, बोर्ड तिथे आहे ना ते बघायला. सहाव्या की सातव्या खेपेला बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढून त्याच्याकडे नीट बघितलं. "साहेब, घर घेतानासुद्धा लोक इतक्या वेळा येत नाहीत. तुमचा बोर्ड कधीच ठरलाय. मग अडलंय कुठे?"

"जरा खात्री करतोय."

"कशाची?"

तो खोक्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. बाईंनी खोक्यावर एक चिठ्ठी चिकटवली, 'राखून ठेवलेलं', आणि ते वरच्या फळीवर सरकवलं.

प्रश्न क्रमांक सतरा विचारायला त्याने फोन केला तेव्हा खारूने उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, फोन आला तो तिच्या आईचा. सहा वर्षांत तिने आपणहून फोन केला नव्हता.

"खारू बरी आहे ना?" त्याने पहिलं तेच विचारलं.

"बरी आहे. झोपली आहे. दोन आठवडे तिची झोप झाली नव्हती." खारूची आई शांत बोलत होती. तिचं शांत बोलणं त्याला ओळखीचं होतं; त्यापेक्षा कुणी ओरडलेलं परवडलं असतं. "कॉलेजच्या मशीनवर नंबर लावून बसायची. पहाटे जायची, चार तास मिळायचे. ह्यांनी तिला म्हटलं, आपण नवीन घेऊन टाकू. तर म्हणाली, नको, बाबा बांधतोय. तीनदा म्हटलं. तिन्ही वेळा तेच. बाबा बांधतोय."

तो कॅलेंडरकडे बघत होता. बावीस तारीख होती. वीसभोवतीचा गोल तसाच होता.

"जमा केली का फिल्म?"

"केली. केसांशिवाय. उंट तुळतुळीत दिसतो, वर्गात सगळे हसले म्हणे. पासापुरते मार्क मिळालेत. मला काही बोलायचं नाहीये. फक्त एक विचारायचंय. तुझं माप अजून पुरं झालं नाही का?"

फोन ठेवल्यावर तो खुर्चीत बसला. मग उठला आणि उगाच कपाटातल्या घड्या काढून पुन्हा घालायला लागला. तिसऱ्या शर्टाशी हात थांबले. वर्गात हसणारी पोरं त्याला दिसत नव्हती. खारू तेव्हा कुठे बघत असेल, तेवढंच डोळ्यांपुढे येत होतं. लाजली की ती डाव्या हाताची नखं बघायची.

त्याने चप्पल घातली आणि तळघर गाठलं. बाईंनी शिडी लावून खोकं उतरवलं, मेमरीची जोडी, प्रोसेसर, बाकीचं सगळं मोठ्या पिशव्यांत भरलं. फक्त निघताना म्हणाल्या, "पट्ट्या शेजारीशेजारी नका लावू. एक सोडून एक. दुसरी आणि चौथी खाच."

रविवारी सकाळी त्याने जेवायच्या टेबलावर स्वच्छ चादर अंथरली आणि कामाला बसला. हात चोख होते. प्रोसेसर अलगद बसला. मेमरीच्या पट्ट्या खाच जुळवून दोन्ही अंगठ्यांनी दाबल्या, टक आवाज आला, पुन्हा टक. दुपारी दोनला शेवटची तार जोडली आणि बटण दाबलं.

पंखे फिरले. बोर्डावर एक पिवळा दिवा लागला. पडदा काळाच राहिला.

एक मिनिट. दोन. त्याने मशीन बंद केलं, पट्ट्या काढल्या, पुसल्या, परत बसवल्या. पुन्हा पंखे, पुन्हा पिवळा दिवा, पुन्हा काळा पडदा. आता काय, बोर्डच चुकला? दोन महिने घोळ घालून शेवटी बोर्डच चुकला? त्याने दुकानाच्या नंबरवर फोन लावला. रविवार असूनही बाईंनी उचलला.

"पिवळा दिवा आहे? मग हात लावू नका," त्या म्हणाल्या. "नवा बोर्ड पहिल्या वेळी मेमरी तपासून घेतो. त्याला वेळ लागतो. तुम्ही मधेच बंद केलं की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो."

"किती वेळ?"

"पाच मिनिटं, दहा मिनिटं. वाट बघा. तेवढंच करायचंय."

त्याने दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि समोर बसून राहिला. घरात पंख्यांचा आवाज सोडला तर काही नव्हतं. शेजारच्या घरात कुणीतरी भांडी लावत होतं. सात मिनिटांनी पडदा उजळला आणि एका कोपऱ्यात मेमरीचा आकडा आला, चौसष्ट, पूर्ण, दोन्ही पट्ट्या धरून. सांगायला घरात कुणी नव्हतं. तो "आलं" असं मोठ्याने म्हणाला आणि पाणी प्यायला उठला.

सोमवारी रजा टाकून, पाच तासांचा प्रवास करून, खोकं मांडीवर धरून तो लेकीच्या दारात पोचला. दार खारूच्या काकांनी उघडलं. तिच्या आईच्या नवऱ्याला ती काका म्हणायची. त्यांनी एका बाजूने खोकं धरलं. "जपून हं, उंबरा आहे," म्हणाले. पाणी दिलं आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवून निघून गेले.

खारू टेबलापाशी होती. उंच झाली होती, किंवा फोनवर ती त्याला लहानच वाटत होती. "ये," म्हणाली. एवढंच.

त्याने मशीन मांडलं, तारा जोडल्या. खिडकीतून खरोखर दंतवैद्याची रिकामी खुर्ची दिसत होती. मशीन सुरू झाल्यावर तो उभ्याउभ्याच म्हणाला, "खारू, बोर्ड मी दुसऱ्या खेपेलाच ठरवला होता."

तिने मान वर केली.

"पहिल्याच आठवड्यात. मग रोज काहीतरी शंका काढत राहिलो. विचारायला काही असलं की तुझ्याशी बोलता यायचं. ठरलं असतं तर फोन संपले असते." त्याने वही पुढे केली. का केली त्याचं त्यालाच कळलं नाही.

तिने पानं उलटली. एकवीस प्रश्न, आकडे घातलेले, पुढे त्याचं बारीक अक्षर. मग वही बंद करून तिने टेबलाच्या कडेला ठेवली.

"मी रोज पहाटे त्या लॅबबाहेर उभी राहायचे," ती म्हणाली. "आणि सगळ्यांना सांगायचे, माझा बाबा काटेकोर आहे, वेळ लागतो, पण चुकत नाही."

"चुकलो."

"नुसता फोन करता आला नसता का रे तुला? काही कारण नसताना?"

"करून काय बोललो असतो?"

"काहीही!" तिचा आवाज चढला. "लोक काहीही बोलतात, बाबा. आज काय खाल्लं ते बोलतात!" आणि ती डाव्या हाताची नखं बघायला लागली.

तो पलंगाच्या काठावर बसला. माफ कर म्हणायचं होतं. म्हणालाही, पण इतकं हळू की तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. काही वेळाने तिने खुर्ची वळवली आणि उंट उघडला. अडीच लाख केसांनिशी. पडद्यावर तुकड्यातुकड्याने चित्र भरायला लागलं, आधी कान, मग मान. मशीन अडखळलं नाही.

"पूर्ण व्हायला किती वेळ?" त्याने विचारलं.

"चार तास."

त्याची गाडी दोन तासांनी होती. तो दीड तास तिथे बसला. पाठीपर्यंत चित्र आलं तेव्हा तो उठला. खारू दारापर्यंत आली, पण 'राहा' म्हणाली नाही, आणि तिने तसं म्हणावं असं त्याने काही केलंही नव्हतं. काकांनी स्टेशनपर्यंत सोडतो म्हटलं. तो चालतच गेला.

पुढचा रविवार तसाच गेला. त्यापुढचाही. वही तिच्याकडेच राहिली होती, आणि वहीवाचून त्याला फोन कसा सुरू करायचा ते कळेना. तीन वेळा नंबर काढला आणि तीन वेळा फोन खाली ठेवला.

मग एका गुरुवारी, धान्याच्या दुकानातला काटा तपासून बाहेर पडल्यावर, रस्त्याच्या कडेला उभं राहून त्याने तो लावला. हातात पितळी वजनांची पेटी, समोरून माणसं जात होती.

"बोल," खारू म्हणाली. आवाजात ऊब नव्हती, रागही नव्हता.

"काही काम नाहीये."

आता ती 'चल मग' म्हणेल, असं त्याला वाटलं.

"आज एका काट्याच्या ताटलीखाली पालीची अंडी निघाली," तो घाईने म्हणाला. "दोन. दुकानदार म्हणाला, म्हणूनच माझा काटा पुढे दाखवतो."

"मग?"

"मग ती चिमट्याने उचलून वजन केलं."

"पालीच्या अंड्यांचं?"

"सवय," तो म्हणाला.

पलीकडून एक श्वास आला, हसू होतं की सुस्कारा, ते त्याला ठरवता आलं नाही. "मी वर्गात चाललेय, बाबा," ती म्हणाली. "तिथून सुटल्यावर करते."

त्या संध्याकाळी फोन आला नाही. शनिवारी आला, साडेतीन मिनिटांचा. तिने दुपारी काय खाल्लं ते सांगितलं.